स्प्रिंग पिस्टन एअर रायफलवरची दुर्बीण काढून साधे साइट बसवायचे आहेत

राजारामपुरीकर

नमस्कार. माझ्याकडे 4.5 मि.मी. बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतले भोक), नळी मोडून भरायची, भारतीय बनावटीची स्प्रिंग पिस्टन एअर रायफल आहे. ती दुर्बिणीसकटच विकली जात होती, त्यामुळे कारखान्यातून तिला पुढचाही साइट आला नाही आणि मागचाही नाही. सिलिंडरच्या पाठीवर 11 मि.मी. चे डव्हटेल, म्हणजे दुर्बीण किंवा साइट पकडून बसवायची पट्टी, आहे. नळीच्या तोंडाशी मात्र गुळगुळीत गोल नळीखेरीज काही नाही, आणि नळी ज्या ठोकळ्यात बसवली आहे त्या ब्रीच ब्लॉकलाही भोके नाहीत. दुर्बिणीने आता मान टाकली आहे. आतली फुली एका बाजूला झुकली आहे आणि प्रत्येक छऱ्यानंतर नेम वेगळ्याच ठिकाणी जातो. नवी दुर्बीण घेण्यापेक्षा साधे साइट बसवावेत असा विचार आहे.

त्यामागे आणखी दोन कारणे आहेत. पुतण्या आठवीत आहे आणि त्याला शालेय स्पर्धेत ओपन साइट प्रकारात उतरायचे आहे, तेव्हा घरी सरावाला तसेच साइट असावेत असे वाटते. दुसरे कारण माझे स्वतःचे. पन्नाशी उलटली आहे, वाचायला चष्मा लागतो, आणि एका मित्राच्या रायफलीवरची मागची खाच मला धुरकट दिसते. पीप साइट, म्हणजे मागे खाचेऐवजी बारीक छिद्र असलेला, घेतला तर मला सोयीचे होईल, पण मग पुतण्याचे काय, असा पेच आहे.

शिवाजी उद्यमनगरात ओळखीचे लेथवाले आहेत, त्यामुळे लागेल तो भाग करून घेणे अवघड नाही. मात्र ते मला मापे मागतात. पुढचा साइट किती उंच असावा, तो नळीला इजा न होता कसा धरावा आणि मागचा साइट नळीवर असावा की सिलिंडरवर, हे कोणी नीट समजावून सांगितले तर उपकार होतील.

उद्यमनगरचा टर्नर

साहेब, दुर्बीण का गेली ते आधी पाहू, कारण नवे साइट बसवतानाही तोच धक्का सोसायचा आहे. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन पुढे झेपावतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे येते. नळीत छर्रा अडलेला असल्यामुळे पिस्टनसमोरची हवा दाबली जाते, ती पिस्टनला थोपवते, आणि त्या क्षणी रायफल पुढच्या बाजूला झटका खाते. बंदुकीच्या साध्या दुर्बिणी मागे येणाऱ्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात. लागोपाठ उलट दिशेने बसणारा हा दुसरा झटका त्यांच्या भिंगांच्या आणि फुलीच्या बैठकीला सोसत नाही. साध्या साइटमध्ये भिंग नाही, आत सुटे असे काही नाही, म्हणून ते टिकतात. तरीही त्यांचा क्लॅम्प सैल असेल तर तो सरकतोच, आणि डव्हटेलवरच्या वस्तू बहुधा मागच्या दिशेने सरकतात. म्हणून पीप साइट घेतलात तर त्याच्या मागे अडथळा हवा. सिलिंडरच्या पाठीवर त्यासाठी भोक आहे का ते पाहा. असेल तर साइटच्या बुडातून एक पिन त्यात उतरवता येते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नळी मोडून भरायच्या रायफलीत नळी दर वेळी उघडते आणि पुन्हा बंद होते. बंद झाल्यावर तिचे तोंड दर वेळी तंतोतंत त्याच जागी येईल अशी खात्री देता येत नाही. समजा 450 मि.मी. लांबीच्या नळीचे तोंड या वेळी 0.1 मि.मी. खाली राहिले. दुर्बीण सिलिंडरवर असते, तिला या बदलाचा पत्ताच नसतो, त्यामुळे 10 मीटरवर छर्रा सुमारे 2.3 मि.मी. खाली लागतो. पुढचा आणि मागचा असे दोन्ही साइट नळीवर असतील तर ते नळीबरोबरच खाली येतात आणि चूक जवळपास शून्य होते. पीप सिलिंडरवर आणि पुढचा साइट नळीवर असेल, तर पुढचा साइट खाली आल्याने नेमाची रेषाही त्याच दिशेने झुकते आणि सुमारे 0.8 मि.मी. एवढीच चूक उरते. म्हणजे पीप साइट या बाबतीत दुर्बिणीइतका आंधळा नाही. ज्या रायफलीचा सांधा घट्ट आहे आणि बिजागरीच्या बोल्टला खेळ नाही, तिच्यावर पीप खुशाल बसवावा. बोल्ट तपासायचा तर नळी उघडी धरून ती डावी-उजवीकडे हलवून पाहा. हाताला खडखड जाणवली तर साइटच्या आधी बोल्ट आवळून घ्या.

पुढच्या साइटसाठी माझे मत स्पष्ट आहे: नळीला भोक पाडू नका, आडवे डव्हटेल कापू नका आणि आच लावू नका. 15 मि.मी. जाडीच्या नळीत 4.5 मि.मी. चा बोर असला तर भिंत सव्वापाच मि.मी. भरते, त्यामुळे उथळ भोक पाडता येईल असे वाटते. परंतु छर्रा नळी सोडतो त्या शेवटच्या इंचभर भागात बोरला जरा जरी ताण गेला तरी त्याचा परिणाम थेट नेमावर होतो, आणि एकदा पडलेले भोक बुजवता येत नाही. त्याऐवजी चिरलेला क्लॅम्प करावा. सुमारे 25 मि.मी. लांबीचा ॲल्युमिनियमचा किंवा माइल्ड स्टीलचा तुकडा घ्यावा, त्याला नळीच्या मापाचे भोक बोअरिंग टूलने करावे, खालच्या बाजूने दीड मि.मी. ची चीर द्यावी आणि चिरेवर दोन एम4 ॲलन स्क्रू घालावेत. ड्रिलने भोक करून भागत नाही. ड्रिलचे भोक गोल राहत नाही आणि क्लॅम्प तीन ठिकाणीच टेकतो. नळीचा व्यास व्हर्नियरने तोंडापाशी आणि तिथून 30 मि.मी. मागे असा दोन ठिकाणी घ्या, कारण काही नळ्या उतरत्या असतात आणि उतरत्या नळीवर सरळ भोकाचा क्लॅम्प कधीच धरत नाही.

आता क्लॅम्प बसवताना नळी थिनरने पुसून तेलाचा अंश घालवा. पुसताना नळीचे तोंड खाली असू द्या. थिनर किंवा तेल ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरमधली हवा नळीत जाण्याच्या छिद्रातून) सिलिंडरमध्ये शिरले, तर पुढच्या छऱ्याला ते पेटते, धूर येतो, आवाज वाढतो आणि पिस्टनचे सील खराब होते. क्लॅम्पच्या आतून दोन भागांच्या इपॉक्सीचा अगदी पातळ हात दिला तरी चालेल, मात्र धरण्याचे काम स्क्रूंनी करायचे आहे, गोंदाने नाही.

करवीर रहिवासी

एवढे कशाला? शिरोलीच्या एमआयडीसीत पितळी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड, करून देणारे कितीतरी आहेत. पोस्ट, म्हणजे पुढच्या साइटची उभी पट्टी, थेट नळीवर ब्रेझ करून घ्या, आयुष्यभर हलणार नाही.

उद्यमनगरचा टर्नर

पितळी ब्रेझिंगला नळी लालबुंद करावी लागते. तेवढ्या उष्णतेने नळी वाकली नाही तरी आत खवले धरतात, बाहेरचा काळा मुलामा जातो, आणि पोस्ट अर्धा अंश जरी तिरपी बसली तरी ती पुन्हा सरळ करण्यासाठी तोच सगळा ताप परत द्यावा लागतो. हलणार नाही हे खरे. पण साइट हलवता येणे हीच त्याची गरज आहे.

दहा मीटर

काका, नमस्कार. मी शालेय मुलांना शिकवते, म्हणून पुतण्याच्या बाजूने थोडे लिहिते.

पहिली गोष्ट ही की, ओपन साइट आणि पीप साइट हे आपल्याकडच्या स्पर्धांत वेगळे प्रकार धरले जातात. ओपन साइटमध्ये मागे खाच आणि पुढे पोस्ट एवढेच असते. पीपमध्ये मागे बारीक छिद्र आणि पुढे कड्यात रिंग असते. मुलाने ओपन साइटमध्ये नाव द्यायचे आणि सराव पीपवर करायचा, हे टाळावे. दोन्हींत डोळा वेगवेगळे काम करतो. खाचेत पोस्ट मध्यभागी आणि वरची कड समतल ठेवणे हे मनाने करावे लागते, तर पीपमध्ये डोळा आपोआप मध्य शोधतो. जो मुलगा आधी खाच आणि पोस्ट नीट जुळवायला शिकतो त्याला पुढे पीप सोपा जातो. उलटा प्रवास कठीण पडतो, असा माझा अनुभव आहे.

दुर्बीण नाही म्हणून काही कमी राहते असे मात्र पुतण्याला वाटू देऊ नका. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून मारायच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, आणि या दोन्ही प्रकारांत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. मागे छिद्राचा साइट आणि पुढे रिंग, एवढ्यावर तो नेम असतो.

पोस्टची रुंदी ठरवताना टार्गेटकडे पाहा. 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग 30.5 मि.मी. व्यासाचा असतो. तुमच्या डोळ्यापासून पुढचा साइट 800 मि.मी. वर येईल असे धरले, तर तो काळा भाग पुढच्या साइटपाशी सुमारे 2.3 मि.मी. रुंद दिसतो. म्हणून पोस्ट तेवढीच, म्हणजे सव्वादोन ते अडीच मि.मी. रुंद ठेवली तर काळे वर्तुळ तिच्यावर नेमके बसल्यासारखे दिसते आणि डावी-उजवीकडचा फरक लगेच लक्षात येतो. फार अरुंद पोस्ट काळ्यावर हरवते. मागची खाच मात्र पोस्टपेक्षा सैल दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक पट्टी दिसत नसेल तर पोस्ट मध्यावर आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही. मागचा साइट डोळ्यापासून 400 मि.मी. वर असेल, तर अडीच मि.मी. ची पोस्ट तिथे सव्वा मि.मी. ची वाटते, तेव्हा खाच 1.7 मि.मी. च्या आसपास हवी.

आता तुमच्या डोळ्यांविषयी. वयानुसार जवळचे धूसर होते, म्हणून मागची खाच तुम्हाला नीट दिसणार नाही, हे गृहीत धरा; पण नजर तिच्यावर ठेवायचीच नसते. तीक्ष्ण दिसायला हवा तो पुढचा साइट. टार्गेट थोडे धूसर आणि खाच थोडी धूसर चालते. चष्म्याच्या नंबरासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांना पुढच्या साइटचे अंतर मोजून सांगा. बहुधा लांबच्या नंबरात अर्ध्या प्लसची भर पुरते, वाचायचा चष्मा मात्र इथे अजिबात उपयोगाचा नाही. पीपचे छिद्र सव्वा मि.मी. च्या आसपास असले की पुढचा साइट आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसतात, म्हणून तुमच्यासाठी पीपच बरा. पावसाळ्यात ढग भरून आल्यावर तेच छिद्र अंधारे वाटते. त्यासाठी छिद्र बदलता येणारा साइट घेतलात तर उत्तम.

राजारामपुरीकर

मिस्त्री, ताई, मनापासून आभार. तुमच्या दोघांच्या सांगण्यावरून असे ठरवतो आहे की, पुढचा साइट एकच असावा, पुतण्यासाठी मागची खाच नळीवर असावी आणि माझ्यासाठी पीप सिलिंडरवर असावा. दोन्ही मागचे साइट काढता-घालता यावेत. हे शक्य असेल तर पुढच्या साइटची उंची दोघांना जुळेल अशी कशी काढायची?

मापे घेतली ती अशी. नळी तोंडापाशी आणि 30 मि.मी. मागे, दोन्हीकडे 15.0 मि.मी. आहे. डव्हटेलची वरची पाठ नळीच्या वरच्या पृष्ठभागापेक्षा 5.5 मि.मी. उंच भरते. जो पीप पाहून ठेवला आहे त्याचे छिद्र डव्हटेलच्या पाठीपासून कमीत कमी 8 आणि जास्तीत जास्त 14 मि.मी. वर जाते. पीपपासून पुढच्या साइटच्या जागेपर्यंत 700 मि.मी. आहेत. छऱ्याचा वेग ओळखीच्या एकांच्या क्रोनोग्राफवर सेकंदाला 180 मीटरच्या जवळपास आला. खाचेसाठी ब्लॉकला भोके पाडावीत का, हेही सांगावे.

उद्यमनगरचा टर्नर

साहेब, मापे छान घेतलीत, यातून सगळे निघते.

सगळी उंची बोरच्या मध्यरेषेपासून मोजायची. नळीची अर्धी जाडी 7.5 मि.मी. आणि तिच्यावर 5.5, म्हणजे डव्हटेलची पाठ मध्यरेषेपासून 13 मि.मी. वर आहे. पीप त्याच्या चालीच्या मध्यावर, म्हणजे पाठीपासून 11 मि.मी. वर ठेवा, म्हणजे दोन्ही दिशांना 3 मि.मी. ची मोकळीक राहील. छिद्राची उंची झाली 24 मि.मी.

छर्रा नळी सोडल्यापासून खाली येऊ लागतो. 180 मीटरच्या वेगाने 10 मीटर जायला त्याला सेकंदाचे सुमारे 57 हजारांश लागतात आणि तेवढ्या वेळात तो 16 मि.मी. खाली येतो. म्हणजे नेमाची रेषा पीपपाशी मध्यरेषेच्या 24 मि.मी. वर सुरू व्हायला हवी आणि टार्गेटपाशी मध्यरेषेच्या 16 मि.मी. खाली पोहोचायला हवी, एकूण 40 मि.मी. चा उतार. हा उतार पीपपासून टार्गेटपर्यंतच्या 10,700 मि.मी. मध्ये होतो, मग पहिल्या 700 मि.मी. मध्ये किती होईल? 40 गुणिले 700 भागिले 10,700, म्हणजे 2.6. तेव्हा पुढच्या साइटचे टोक मध्यरेषेपासून 21.4 मि.मी. वर हवे. नळीची अर्धी जाडी वजा केली की नळीच्या पाठीपासून 13.9 मि.मी. उरतात. क्लॅम्पची वरची भिंत 4 मि.मी. धरली तर पोस्ट दहा मि.मी. पेक्षा थोडी कमी निघते.

20 मीटरसाठी वेगळा साइट लागेल का, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. त्या अंतराला छर्रा सुमारे 68 मि.मी. खाली येतो, हाच हिशेब केला तर पुढचे टोक साधारण 20.9 वर येते, म्हणजे अर्ध्या मि.मी. चा फरक. तो पीपच्या स्क्रूने भागतो.

खाचेची उंची वेगळी काढायची गरज नाही. पीपमधून पुढच्या साइटकडे जाणारी जी रेषा आहे, तिच्यावरच खाच बसली पाहिजे. मी ब्लॉकला भोके पाडायला सांगणार नाही, कारण ब्लॉकच्या आत नळीचा मागचा भाग दाबून बसवलेला असतो आणि वर किती धातू शिल्लक आहे ते बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा ब्लॉकच्या थोडे पुढे नळीवरच दुसरा चिरलेला क्लॅम्प घाला. त्याचे अंतर पुढच्या साइटपासून 400 मि.मी. येईल, म्हणजे पीपपासून 300. रेषेचा उतार 700 मध्ये 2.6 आहे, तर 300 मध्ये 1.1 होतो, 24 मधून तो काढला की खाच मध्यरेषेपासून 22.9 मि.मी. वर, म्हणजे नळीच्या पाठीपासून 15.4 मि.मी. वर हवी. दोन्ही मागचे साइट एकाच रेषेवर असल्यामुळे तुम्ही पीप वापराल तेव्हा खाचेची पट्टी मधे येईल, ती काढावीच लागेल. म्हणून पट्टी क्लॅम्पच्या पाठीवर दोन स्क्रूंनी धरा. क्लॅम्प मात्र नळीवर कायम राहू द्या, म्हणजे पट्टी पुन्हा घातल्यावर तीच जागा मिळेल.

हा हिशेब नळी सिलिंडरला समांतर आहे असे धरून केला आहे. अशा रायफलींत नळी पुष्कळदा तोंडाकडे थोडी झुकलेली असते, त्यामुळे पीपच्या बाबतीत प्रत्यक्षात फरक पडेल. म्हणून पोस्ट हिशेबापेक्षा 1 मि.मी. उंच ठेवा. पुढचा साइट उंच असला की छर्रा खाली लागतो. पीपवर 10 मीटरवर हे प्रमाण 1 मि.मी. ला 15 मि.मी. पडते. मग कानस मारत टोक कमी करा, छर्रा वर सरकत येईल. उंच पोस्ट घासता येते, आखूड पोस्ट वाढवता येत नाही. मागच्या साइटचे उलटे आहे: छर्रा ज्या दिशेला न्यायचा आहे त्याच दिशेला मागचा साइट सरकवायचा. खाचेला 0.1 मि.मी. हलवले की 10 मीटरवर अडीच मि.मी. चा फरक पडतो, तेव्हा स्क्रूड्रायव्हर हळू चालवा.

राजारामपुरीकर

हिशेब दोनदा वाचला आणि वहीत पुन्हा मांडून पाहिला, आकडे जुळले. आणखी एक शंका. क्लॅम्प गोल नळीवर बसणार, तेव्हा पोस्ट बरोबर उभी आहे हे कसे पाहायचे? डोळ्याने अंदाज चालेल का?

उद्यमनगरचा टर्नर

डोळ्याचा अंदाज इथे पुरत नाही. टोक मध्यरेषेपासून 21 मि.मी. वर आहे, क्लॅम्प 2 अंशांनी फिरला तरी टोक पाऊण मि.मी. बाजूला जाते आणि 10 मीटरवर छर्रा 11 मि.मी. डावीकडे किंवा उजवीकडे लागतो. तो फरक मागच्या साइटने भरून काढता येतो, पण मग अंतर बदलले की नेम पुन्हा बाजूला सरकत जातो.

रायफल दोन व्ही ब्लॉकवर ठेवा, नळी रिकामी आणि स्प्रिंग सैल असल्याची खात्री करून. डव्हटेलच्या सपाट पाठीवर छोटी पाणसळ आडवी ठेवून रायफल समतल करा आणि तशीच पाचर लावून धरा. समोर भिंतीजवळ ओळंबा सोडा. पोस्टची उभी कड ओळंब्याच्या दोऱ्याशी जुळेपर्यंत क्लॅम्प हाताने फिरवा, मग दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर क्लॅम्प फिरतो. जुळल्यावर क्लॅम्पच्या मागच्या कडेला, नळी आणि क्लॅम्प दोन्हींवर मिळून बारीक सुईने एक रेघ ओढा. पुढे कधी तो सरकला तर रेघ तुटलेली दिसेल. स्क्रूंना निळा थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा, लाल लावू नका.

आणखी एक. रायफल भरताना आपण नळीच्या तोंडाशी हात घालून ती खाली ओढतो. आता तिथे साइट आहे. हात साइटवर पडला तर तळहात कापतो आणि दर वेळी क्लॅम्पवर जोर येऊन तो हळूहळू फिरतो. पोस्टवर अर्धगोल टोपी बसवा आणि पुतण्याला क्लॅम्पच्या मागे धरून ओढायची सवय लावा.

दहा मीटर

नेम जुळवण्याबद्दल माझी भर. स्प्रिंग रायफल वाळूच्या पिशवीवर घट्ट दाबून नेम जुळवला आणि मग उभे राहून हातावर धरली, तर छर्रे वेगळ्या ठिकाणी जातात. कारण छर्रा नळीत असतानाच रायफल मागे-पुढे हलत असते आणि ती किती मोकळी हलते यावर नळीचे तोंड कुठे आहे ते ठरते. म्हणून नेम त्याच पद्धतीने जुळवा ज्या पद्धतीने पुढे मारणार आहात: पुढचा हात उघडा, रायफल तळहातावर नुसती टेकलेली, बोटांनी आवळलेली नाही, आणि दस्ता खांद्याला हलका लागलेला. पाच छऱ्यांचा गट पडू द्या, गटाचा मध्य पाहा, मगच साइट हलवा. एकेका छऱ्यावरून साइट हलवत बसलात तर कधीच संपत नाही.

गच्चीवर मारत असाल तर भिंतीवर थेट मारू नका. छर्रा शिशाचा असला तरी विटेवरून उलटतो. जुन्या चादरींच्या चिंध्या गच्च भरलेली खोकी किंवा मागे पत्रा असलेली वाळूची पेटी ठेवा, दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा असू द्या आणि छर्रे हाताळल्यावर हात धुवा. शेजाऱ्यांच्या गच्चीच्या दिशेने तोंड होणार नाही याची काळजी घ्या. छर्रा न घालता स्प्रिंग सोडायची नाही, हेही पुतण्याला आधीच सांगून ठेवा. समोर हवेची गादी नसली की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो.

करवीर रहिवासी

ब्रेझिंगचे मागे घेतो. मात्र एक विचारतो: घरी असे भाग जोडले तर परवान्याचा काही प्रश्न येतो का?

दहा मीटर

बोर 4.5 मि.मी. पेक्षा मोठा नसेल आणि छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल, तर 2016 च्या शस्त्र नियमांनुसार एअर रायफलीला परवाना लागत नाही. काकांच्या रायफलीचा वेग 180 मीटर आहे. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला हा वेग म्हणजे सुमारे 8 ज्यूल. साइट बदलल्याने त्यात काहीच बदल होत नाही. विकत घेतल्याची पावती मात्र रायफलीच्या पिशवीत ठेवावी, स्पर्धेला नेताना वाटेत कोणी विचारले तर उपयोगी पडते. आणि पाखरांवर नेम धरणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे मी माझ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते.

राजारामपुरीकर

क्लॅम्प तयार होऊन आले. पोस्ट ठरल्याप्रमाणे 1 मि.मी. उंच आहे, आणि छर्रे अपेक्षेप्रमाणे खाली, पण एकत्र पडत आहेत. आता घासायला घेतो. कानस मारलेली कड मात्र उन्हात चमकते आणि तिचे टोक नेमके कुठे संपते ते दिसेनासे होते. काळा रंग द्यावा का?

उद्यमनगरचा टर्नर

रंग आत्ता देऊ नका, अजून घासायचे आहे, आणि रंगाच्या थराने कड गोलसर होते. सपाट बारीक कानशीने एकाच दिशेने मारा, टोक चौरस राहू द्या, आणि घासणे संपेपर्यंत दर वेळी पोस्टला कापराची काजळी धरा. कापराची वडी पेटवून ज्योतीच्या वर पोस्ट क्षणभर फिरवली की मऊ काळा थर बसतो. तो अजिबात चमकत नाही आणि बोटाने पुसताही येतो. पोस्ट क्लॅम्पपासून सुटी करूनच हे करा, इपॉक्सीला आच लागता कामा नये. उंची कायम झाली की पोस्टला केमिकल ब्लूइंग (पोलाद काळे करणारे रसायन) करून घ्या आणि वर तेलाचे बोट फिरवा. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेत इतका ओलावा असतो की घासलेले उघडे पोलाद आठवड्यात तांबूस होते, आणि क्लॅम्पच्या चिरेत साठलेले पाणी तर दिसतही नाही. तिथे ग्रीसचा एक ठिपका भरून ठेवा.

दहा मीटर

काका, शेवटचा अर्धा मि.मी. घासताना पुतण्याच्या नेमावरून ठरवू नका. तो काळ्याच्या खाली पोस्ट टेकवून शिस्त धरत असेल आणि तुम्ही काळ्याच्या मध्यावर धरत असाल, तर दोघांच्या गटांत 15 मि.मी. चा फरक सहज पडेल, आणि तुम्हाला वाटेल की पोस्ट चुकली. दोघांनीही काळ्याच्या खालच्या कडेला, मधे उजेडाची बारीक फट ठेवून धरायचे असे आधी ठरवा. त्या धरण्याला छर्रा काळ्याच्या मध्यावर लागायचा तर तो नेमाच्या बिंदूपेक्षा 15 मि.मी. हून थोडा वर गेला पाहिजे, म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबातल्या उंचीपेक्षा पोस्ट आणखी साधारण 1 मि.मी. कमी लागेल. तेवढी एकदम घासू नका; आधी पीपला वर किती चाल उरली आहे ते पाहा, कारण तोच फरक पीप वर नेऊनही भरून निघतो, आणि खाचेच्या पट्टीखाली पातळ पत्रा घातला की पुतण्याचेही काम होते.

राजारामपुरीकर

पीपला वर अडीच मि.मी. ची चाल शिल्लक आहे. तेव्हा पोस्ट हिशेबाच्या उंचीवरच थांबवतो आणि खाचेखाली पत्रा घालून घेतो. तो किती जाडीचा घ्यावा?

उद्यमनगरचा टर्नर

खाचेला 0.1 ला अडीच मि.मी. हे प्रमाण धरा. 15 मि.मी. वर न्यायचे तर 0.6 मि.मी. पितळी पत्र्याचा तुकडा लागेल. 0.2 चे तीन तुकडे कापून घ्या, म्हणजे एखादा काढून-घालून पाहता येईल. त्यावर स्क्रू पत्र्याच्या जाडीने लांब लागतील, ते तपासूनच पट्टी आवळा.